छातीचं ऑपरेशन, म्हणजे नेमकं कशाचं?

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले डॉक्टरसाहेब, सिस्टर मंडळी, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती,

मी साधा शिंपी. या दवाखान्याचे हिरवे गाऊन शिवतो. भाषणाची सवय नाही, त्यात सूत्रसंचालकांनी आत्ता ‘डॉक्टरांचे जुने हृदयरुग्ण’ अशी माझी ओळख करून दिली आणि माझी गाळणच उडाली. चूक त्यांची नाही. त्यांना ते आमच्या हिनेच सांगितलं. पण मागच्या पडद्यावर साहेबांच्या नावाखाली एवढ्या ठळक अक्षरांत ‘प्लास्टिक सर्जन’ लिहिलंय, आणि ही मघापासून एकदा ते वाचते, एकदा माझ्याकडे बघते. आता काय करू? बोलू, की खाली बसू?

अध्यक्ष महोदय, बोलतोच.

चौदाव्या वर्षापासून माझी छाती बायकांसारखी वाढायला लागली. वर्गातली पोरं काय चिडवायची, ते इथे सांगवत नाही. मी शिवणकाम शिकलो तेच मुळी स्वतःला ढगळ शर्ट शिवता यावेत म्हणून. दोन्ही बाजूंना खिसे, त्यांवर झाकणं. लग्नाचा विषय निघाला की मी घराबाहेर! तिशीला आल्यावर धीर करून साहेबांकडे गेलो, तर शर्टाचं बटण काढवेना. साहेब म्हणाले, “शिंपी ना तुम्ही? माप देताना गिऱ्हाईक अवघडलं तर काय करता?”

म्हटलं, “हात वर करा म्हणतो.”

“मग करा की!”

हसू आलं, आणि बटणं निघाली.

साहेबांनी आतली वाढलेली गाठ नि चरबी काढली. महिनाभर घट्ट जाकीट घातलं, संपलं. आईला मी एवढंच म्हटलं, “छातीचं ऑपरेशन झालं.” तिनं ते काळजाचं समजलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि तिनं पुढे केलेलं दूध पिऊन टाकलं. साहेब, तुम्ही “घरी नीट सांगा” म्हणाला होतात. मी मान डोलावली होती.

पुढे हिचं स्थळ आलं. आईनं प्रामाणिकपणे सांगून टाकलं, मुलाचं काळीज नाजूक आहे. तरी ही हो म्हणाली! का म्हणाली, मला आजतागायत कळलेलं नाही. नऊ वर्षं झाली, कापडाचे तागे जिन्यावरून हीच वर नेते. मला हात लावू देत नाही. मागच्या वर्षी तागे उचलून हिची कंबर धरली, तरीही मी गप्प. लाजेपोटी गप्प राहिलो, की ही इतकं जपते ते सुटू नये म्हणून? माझं मलाच उमगत नाही. लाज मात्र वाटते, खूप वाटते.

डॉक्टरसाहेब, तुमच्यामुळे मी आज चारचौघांत छाती ताठ ठेवून उभा आहे. तुमचे उपकार विसरणार नाही. अध्यक्षांचे आणि आपल्या सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. हिला मात्र तसं कुठल्या तोंडाने म्हणू... अरे, ही उठलीच! अगं, थांब! माझं काळीज धडधाकट आहे, हे ऐकून तुला बरं वाटलं की वाईट, तेवढं तरी सांगून जा.