आखाड्यातले बूट

अजून आठवलं की डोकं फिरतंय, गड्या! शिराळ्याकडं आमच्या गावच्या जत्रेला एका परदेशाचे राजदूत आलते. दोन देशांची दोस्ती वाढावी म्हणून त्यांनी त्यांच्याकडचा पैलवान आमच्या तालमीतल्या पोराशी लढायला आणलावता. कुस्ती लावायचा मानबी त्यांनाच. मी तालमीचा वस्ताद, म्हणून त्यांना आखाड्याकडं नेलं. मी काय सांगायच्या आत त्यांनी काठावर बूट काढलं, मोजं काढलं, लाल माती कपाळाला लावली आन मगच आत पाय टाकला.

आन आमचे पुढारी? फोटोसाठी सगळे बुटासकट आत!

मी वरडलो, “आवं, पायातलं काढा की!”

एकजण म्हणतो, “वस्ताद, दोन मिनिटांचं काम हाय, चालतंय.”

चालतंय? पैलवान ज्या मातीच्या पाया पडून उतरतोय, त्या मातीत?

तेवढ्यात राजदूत दुभाष्याच्या कानात काय तरी बोलले. दुभाषी मला हळूच म्हणाला, “साहेब विचारतायत, हे बाकीचे पाहुणे कुठल्या देशाचे?”

म्हणलं, “आमचेच हायत म्हणावं. मतं मागायला येत्यात, तवा तेवढे अनवाणी असत्यात.”