जोडव्यांची जागा

नाई पोरी, चूक तुमच्या मशीनचीच हाय — काल घालून पाह्यले, त हे जोडे काजलच्या पायात नुसते झुलून राह्यले. काजल म्हणजे माही पोरगी, बाहेर लाल टी-शर्टवाली उभी हाय ना, तेच. बारा दिवसांनी पोलीस भरतीची दौड हाय तिची, आठशे मीटर. मागच्या वर्षी दोन सेकंदानं राह्यली — बाजारच्या जोड्यानं फोड आले होते. तवा मीच म्हटलं, आता मशीनले पाय दाखवू, तिच्याच मापाचे जोडे छापून घेऊ — अन् रोहण्याहून वर्ध्याले आली. काय? फुगा? कुठं — हा, बोटाजवळचा. दोन्ही जोड्याले हाय? मंग तेच त सांगून राह्यली ना मी, मशीनले काही समजत नाई. पोरीच्या बोटाले काहीच नाई तिथं, लगनच नाई झालं तिचं, जोडवे कुठून येतीन.

आता माह्या पायाकडं काऊन पाहून राह्यली तू?

बरं. सांगतो. आमच्याकडं घरच्यासाठी चप्पल आणाची असली त सुतळीनं पाय मोजून आणतेत. मी बी आणली होती काजलच्या पायाची सुतळी, गाठ मारून — प्रॅक्टिस सोडून तिनं कायले यावं? तुमचा तो चष्म्यावाला म्हणे, काकू, सुतळी नाई चालत, पाय पाह्यजे. मंग ठेवले माहेच. माय-लेकीचा पाय एकच, तिच्या सँडला घालून मी दोन लग्नं जेवून आली. पदरानं तळवे पुसून काचेवर उभी राह्यली, त म्हणे जोडवे काढा. काऊन काढू? नवरा चांगला जिता हाय, बाहेर पान खाऊन राह्यला होता. नाई काढले. मशीननं बी इमानदारीनं छापले.

तळ घासला? तेही दिसते का तुले — अवं, पार्सल आलं तवा पोरगी मैदानावर होती. घालून पाहू म्हटलं, फाटकापर्यंत. मंग वावरापर्यंत. मंग रोजच. परवा आर्वीची एसटी सुटली, त मागं धावून गाठली मी — कंडक्टर म्हणे, मावशी, तुम्हीच पुढं व्हा. हास, हासून घे. सातवीत तालुक्यात पहिली आली होती मी, अनवाणी, अन् मंग लगनच लावून देलं. त्याच्यानंतर माह्या पायाले कोणी विचारलंच नाई. लई बरं वाटलं पोरी, खरंच. पाच दिवस काजलले सांगितलंच नाई, पार्सल आलं म्हणून. तिचे पाच दिवस खाल्ले मी, आपल्याच पोरीचे — त्याची लाज वाटते.

नवे किती दिवसांत होतीन? आठ? मंग चार दिवस भेटते तिले, जमते. काजल, ये आत, मोजे काढ. तिले सांगजो नको काही — मशीन बिघडली होती म्हण. अन् हे जुने जोडे खोक्यात काऊन टाकून राह्यली तू? दुसऱ्या कोणाले येणार हाय ते? आण इकडं. पिशवी नको, घालूनच जातो. — काजल, तू मशीनकडं पाह्य.