वस्तीचा रस्ता

चांगली माणसं निवडणुकीला उभी राहत नाहीत, असं पुन्हा कुणी म्हणालं तर मी चहा टाकून उठेन. आमचा सुभेदार फौजेतून परतला आणि ग्रामपंचायतीला उभा राहिला. गाडी परवडत नव्हती, म्हणून आम्ही दोघे चपला हातात घेऊन चिखलातून मळ्यातल्या वस्तीवर गेलो. तिथल्या म्हाताऱ्या तात्यांनी दारातूनच आम्हाला वर-खाली न्याहाळलं.

"आवं, चालत आलासा? आत्ताचा मेंबर चार गाड्या घिऊन आलता."

"दारापर्यंत?" मी विचारलं.

"न्हाई, डांबरीवरच थांबला. हिकडं रस्ता कुठं हाय?"

"तो कुणी करायचा होता?"

"त्यानंच की."

माझं डोकं फिरलं. "मग तात्या, आता मत कुणाला?"

"त्यालाच. गाडीवाल्याला रस्ता लागतोय, कवातरी करंल. सुभेदारास्नी काय, चिखलातबी चालता येतंय!"