शिंप्याच्या टाकीचं कुलूप

नाही नाही, ते कुलूप ठेवा खाली—ते पेटीचं आहे, उन्हात तापलं की अडकतं. आणि आधी सांगा, टाकी तुमचीच ना? रागावू नका, मी सगळ्यांनाच विचारतो. या उन्हाळ्यात लोकांचा काय भरवसा, दुसऱ्याच्या टाकीला स्वतःचं कुलूप लावून मोकळे होतील! नळ कोरडे, आभाळ कोरडं, आणि माझं दुकान मात्र जोरात—खोटं कशाला बोलू? बायको रोज सकाळी हात जोडून बसायची, पावसासाठी. मी म्हणायचो, ‘तुझा देव काय नळदुरुस्तीवाला आहे?’ ती गप्प. आता गप्प बसणाऱ्या माणसाचा मला फार संशय येतो—तुम्हीही मघापासून गप्पच आहात म्हणा.

तर गेल्या आठवड्यात, भर दुपारी, शिंप्याच्या दारासमोर चक्कर येऊन पडलो. डोळे उघडले तर डोक्यावर पाण्याची धार! शिंपी बाहेर गेलेला, टाकीची किल्ली त्याच्या खिशात, कुलूप मीच विकलेलं—मग त्याच्या बायकोनं काय केलं? कपड्यांची ती जड इस्त्री उचलली आणि घातली कुलपावर! कुलूप नाही तुटलं हां, कडी उखडली. माझं कुलूप तुटत नाही. मी म्हटलं, ‘बाई, पुरे, पाणी वाया चाललंय.’ तर म्हणते, ‘वाया कसं? तुमच्यावरच चाललंय ना!’ आणि ओततच राहिली. घरात तीन लेकरं, टाकीत तेवढंच पाणी.

मला झोप येईना. त्या बाईला माझ्याकडून हवंय काय? काहीतरी असणारच ना? दुसऱ्या दिवशी नवी कडी घेऊन गेलो, म्हटलं आता कळेल. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, ‘कडी बसवा, भाऊ, कुलूप नको लावायला. परत कुणाला पाणी लागलं तर?’ मी म्हटलं, ‘आणि कुणी चोरलं तर?’ मान वर न करता म्हणाली, ‘तेव्हाचं तेव्हा बघू.’ बस. एवढंच. ना उपकाराची भाषा, ना काही. मी आपला स्क्रू उलटाच पिळतोय—मी, वीस वर्षं कुलपं बसवणारा!

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोशेजारी जाऊन बसलो. तिनं विचारलंसुद्धा नाही, नुसती सरकली, जागा केली. मान खाली घालायची सवय नाही हो मला, दुखते. वाटलं होतं, आमच्यासाठी पाणी मागावं—माणूस तेच मागणार ना? पण तोंडातून निघालं भलतंच. म्हटलं, त्या बाईची टाकी भरू दे. आमचं... आमचं नंतर बघ. देव आहे की नाही, मला विचारू नका. पाऊस? कुठला पाऊस, बघताय ना बाहेर. पण बसतो रोज.

आणि हे मी तुम्हाला का सांगतोय? तुम्ही कोण, कुठले, काही माहीत नाही! असे बघू नका माझ्याकडे. घाम आहे तो. जा, उद्या या कुलपासाठी—आज दुकान बंद. जा म्हणतो ना!