फुगलेला गोल्डफिश

पांढरकवड्यात माशांचं खाद्य आणायला गेलो होतो. माझ्यापुढच्या बाई पाण्याच्या पिशवीतला गोल्डफिश दुकानदार शकीलभाईंना दाखवत होत्या.

“काय झालं हो याले? पोट फुगलं, काही खातबी नाही.”

“खवले पाहा भाभी, कसे उभे झाले. किडनी गेली याची. अंगात पाणी भरून राह्यलं.”

“हळू बोला. आमचे मिस्टर बाहेर ऑटोत बसले हायेत. त्यायचीबी किडनीच गेली. आता डायलिसिसलेच चाललो आम्ही. घरी दिवसभर याच्याकडंच पाहत बसतात.”

“मंग काय सांगू त्यायले?”

“अपचन झालं म्हणा. औषध द्या काहीतरी.”

“सुचित्रा, काय म्हणतात शकीलभाई?” दारातून खोल गेलेला आवाज आला. ते भिंतीला धरून उभे होते.

“अपचन हाये साहेब. मिठाच्या पाण्यात ठेवा, होईल बरा.”

“नाही होत. मोबाईलवर वाचलं मी सारं. तरास न होता सुटंल, असं काही असंल तर द्या.”

“अहो, माशासाठीच मागता ना तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“चाल सुचित्रा. ऑटोवाला थांबून राह्यला.”