निधीच्या अधीन राहून

झेरॉक्सच्या रांगेत शिलाईवाल्या बाईंच्या पुढे एक नवरा-बायको उभे होते आणि त्यांचं काही केल्या मिटत नव्हतं.

"अहो, आमदारकीला उभे आहात ना? मग पत्रकात हे काय लिहिलंय? 'घरोघरी पाणी देईन, निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून'!"

"तीस वर्षं अर्थखात्यात काढली, वर वकिली केली. निधी बघितल्याशिवाय शब्द देऊ?"

"समोरचा तर चंद्रसुद्धा आणून देतोय!"

"देऊ दे. त्याला कुठे खाली सही करायचीय?"

"म्हणजे पडायचं ठरवूनच उभे राहिलात."

शिलाईवाल्या बाईंना राहवेना.

"साहेब, आमच्या गल्लीत पाणी कधी येईल हो?"

"पहिल्या वर्षी नाही. दुसऱ्या वर्षी पाइप पडतील, तिसऱ्या वर्षी पाणी. तेही फक्त सकाळी."

"झालं! हेही मत घालवलंत!"

"थांबा हो ताई. 'उद्याच येईल' म्हणणारे पाच आमदार झाले आमचे. साहेब, एक पत्रक द्या. नाही, चार द्या. घरात चार मतं आहेत."

"चारही मला?"

"चारही. सासूबाईंच्या मर्जीच्या अधीन राहून."