साहेबाला बाहेर कोणी काढलं

मी वेंगुर्ल्याकडची. बाप मासे सुकवायचा, आम्ही पाच बहिणी, चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, लग्न झालं, नवरा लवकर गेला, मग गावातली एक बाई दुबईत कामाला होती तिने मला इकडे आणलं. काय सांगू तुम्हाला, मी अशी बुजरी की विमानात पाणीसुद्धा मागितलं नाही, कोरडा घसा घेऊन उतरले. तेव्हापासून एकाच घरी आहे. साहेब इंग्रज, त्यांच्या नेव्हीतला मोठा माणूस, ॲडमिरल म्हणतात, रिटायर झाल्यावर इथल्या बंदरातल्या कंपन्यांना सल्ला देत बसला. मॅडम वारल्या. आता घरात तो आणि मी.

मला इंग्रजी बोलता येत नाही, पण इतकी वर्षं ऐकून कळतं सगळं. साहेबाला वाटतं कळत नाही, म्हणून माझ्यासमोर तो काहीही बोलतो, मांजरासमोर बोलावं तसं.

त्याची सगळी नोकरी मला पाठ आहे, कारण पाहुणे आले की तो तीच सांगतो. मिसरूड फुटायच्या आधी जहाजावर चढला, पुढे लेफ्टनंट झाला, आणि याच आखातात त्याच्या जहाजाच्या स्वयंपाकघरात आग लागली, धुरात सगळे पळाले, हा आत शिरला, माणसं बाहेर काढली, मेडल मिळालं. तिथून जो चढत गेला तो चढतच गेला, कप्तान झाला, मग कितीतरी जहाजं हाताखाली, मग लंडनचं ऑफिस, मग नावापुढे सर. आगीपाशी आला की साहेब थांबतो, ग्लास खाली ठेवतो, मग पुढे बोलतो. पाहुण्यांना वाटतं गळा भरून आला. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. गावी फोनवर सांगायचे, आमचा साहेब आगीत शिरलेला माणूस आहे म्हणून.

गेल्या हिवाळ्यात त्याचा ऐंशीवा वाढदिवस होता. त्याच्या आधी एक फोन आला, मीच उचलला. पलीकडे एक बाई, आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग माझं हिंदी ऐकून कोकणीत, म्हणाली तुम्ही आमच्याकडच्याच गो. तिचे वडील आंतोन जहाजावर साहेबाचे स्टुअर्ड होते, त्याचे कपडे, त्याचं खाणंपिणं सगळं तेच बघायचे. गोव्याहून शारजाला लेकीकडे आलेत, साहेबाला एकदा भेटायचं म्हणतात. मी फोन साहेबाला दिला. तो मोठ्याने हसला, म्हणाला शुक्रवारी संध्याकाळीच या. शुक्रवारीच पार्टी होती. मला वाटलं, किती मोठं मन.

आंतोनबाब आले, कोट घालून, हातात काजूचा डबा, आणि उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत जळून चकचकीत झालेली. साहेब म्हणाला थांबव त्यांना, म्हणून किचनमध्ये बसवलं. तर म्हणतात कसे, बाय गो, शारजात दारूबंदी, लेकीकडे एक थेंब मिळत नाही, तू तरी दे. लेक ओरडली, पप्पा, गप बसा. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, साहेबाला आगीतून खांद्यावर यांनी बाहेर आणलं असं हे जन्मभर सांगतात. माझा नवरा हसतो, मुलं म्हणतात ग्रँडपा, नॉट अगेन. आज साहेबाच्या तोंडून एकदा ऐकायचंय मला, बस.

साहेब आत आला, आंतोनबाबांच्या पाठीवर थाप मारली आणि कपाटातून वेटरचं पांढरं जॅकेट काढून त्यांच्या हातात दिलं. घाल, पाहुण्यांना मजा येईल. त्या म्हाताऱ्याने घातलं हो. ट्रे घेऊन फिरले, ग्लास एकमेकांवर वाजतायत आणि लोक फोटो काढतायत. मग साहेबाने आग सांगितली, थांबला, ग्लास ठेवला. तेवढ्यात लेक पुढे झाली. सर, माझे वडील सांगतात तुम्हाला त्यांनी बाहेर काढलं, ते खरं का? साहेबाने आंतोनबाबांकडे नीट बघितलं. म्हणाला, पोरी, आंतोन जिन फार छान बनवायचा, पण पाहुण्यांच्या आधी स्वतःच प्यायचा. सगळे हसले. आंतोनबाबही हसले. ते मला बघवेना.

मी त्यांना गेटपर्यंत पोचवायला गेले, अंगावरचं जॅकेट मीच उतरवून घेतलं. लेक पुढे निघून गेली होती, बापाशी बोलत नव्हती. ते मला म्हणाले, सायब म्हातारो जालो गो, विसरलो आसतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नाश्त्याला बसला, त्यांच्याच डब्यातले काजू खात. खिडकीकडे बघत म्हणाला, गुड मॅन, आंतोन, मी बेशुद्ध होतो, धुरातून शिड्या चढून वर नेलं त्याने मला. आणि टोस्ट मागितला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी इंग्रजी बोलले, सर, व्हाय यू नॉट टेलिंग? खुर्ची बोलली असं त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, आता इतक्या वर्षांनी कशाला, आणि आणखी एक काजू तोंडात टाकला.

लेकीला फोन करून पत्ता घेतला आणि सुट्टीच्या दिवशी मी बसने शारजाला गेले. ट्रॅफिकमध्ये बस अडकली तर वाटलं उतरून परत जावं, परक्याच्या घरी जाऊन काय बोलायचं. पण गेले. जावई, मुलं, सगळ्यांसमोर सांगितलं, साहेब काय म्हणाला ते. जावयाने टीव्ही बंद केला. लेकीने बापाचा तो जळका हात धरला आणि रडायला लागली. मला वाटलं आंतोनबाब आता खूश होतील. ते जमिनीकडे बघत एवढंच म्हणाले, म्हणजे ताका याद आसा.

त्याला आठवतं. विसरला असेल एवढाच एक आधार होता त्यांना, तोही मी काढून घेतला.

अजून तिथेच आहे मी. व्हिसा त्याच्या नावावर, जाणार कुठे. दोन वेळ जेवण करते, त्याच्या तोंडाकडे बघवत नाही, ताट ठेवते आणि वळते. पाहुण्यांना तो अजून आग सांगतो. देव त्याला शंभर वर्षं देवो, आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्याची आठवण शाबूत ठेवो.